बाबांच्या पायाला करंट

अरे, करंटवरून आठवलं. आम्ही दिल्लीत, द्वारकेत नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण डावं पाऊल उचलेना, जमिनीला घासायचं. तीन महिने ते खुर्चीतच होते. मग फिजिओथेरपिस्ट सिमरन एक छोटं मशीन घेऊन आली. गुडघ्याखाली पॅड चिकटवायचे आणि बटण दाबलं की नसेला करंट मिळून पाऊल वर उचललं जातं.

बाबा म्हणाले, "मी माणूस आहे, मिक्सर नाही."

आई सिमरनला म्हणाली, "बेटा, पहले मुझे लगाओ."

सिमरनने बटण दाबलं. आईचं पाऊल ताडकन उडालं आणि चप्पल थेट बाबांच्या पोटावर.

आई म्हणाली, "अहो, अजिबात दुखत नाही."

"मला दुखलं," बाबा म्हणाले. पण आजारानंतर पहिल्यांदाच हसले, आणि पॅड लावून घेतले.

सिमरनने त्यांना धरून उभं केलं. ती बटण दाबायची, पाऊल न घासता पुढे पडायचं. असं करत ते फ्लॅटच्या दारापर्यंत पोचले. आई डोळे पुसत होती.

"बस अंकल, आज इतना काफ़ी है," सिमरन म्हणाली.

बाबांनी दाराची चौकट घट्ट धरली. "बिल्कुल नहीं. लिफ्ट बुलाओ."