नामदेवच्या लगनाले कोन होतं?

बसा मंडळी, बसा. जराक सरकून बसा, मांगचे लोक उन्हात उभे हायेत. मास्तर म्हनले, गंगारामभाऊ, तुमी बी दोन शब्द बोला. मी म्हनलं, मास्तर, मले सभेत बोलता येत नाही, अन् आज तं बोलावूच नोका, तोंडातून काय निंघन याचा भरोसा नाही. मास्तर म्हनले, नामदेवचं अन् तुमचं सख्ख्या भावावानी होतं, तुमी नाही बोलनार तं कोन बोलन? म्हनून उभा राह्यलो. पन मी रडनार नाही. मले राग आला हाय, अन् तो मी लपवनार नाही.

ज्यायले मी ठाऊक नाही त्यायच्यासाठी सांगतो. मी खामगावच्या जिनातला मिस्त्री. कापसाचं जिन ज्या इंजिनवर चालते ते इंजिन माझ्या ताब्यात. तुमच्या गावचा नामदेव तिथं सरकीचे पोते उचलाले आला, अन् पोते सोडून इंजिनपाशीच उभा राहू लागला. मी म्हनलं, पाहून काय राह्यला बे, तेलाचा डबा घे. तिथून तो शिकला. असा शिकला का इंजिन बिघडलं तं आवाजावरून सांगे. पुढं आफ्रिकेत रेल्वेच्या कारखान्यात फिटर झाला. अन् आता त्याच्या खोलीतल्या सोबत्याचं पत्र आलं, का त्याले ताप भरला, दवाखान्यात नेला, अन् तिथंच तो गेला. उशापाशी आपलं मानूस एक बी नव्हतं.

आतापावतर जे बोलले ते सारे चांगलंच बोलले. पाटील म्हनले, पोरानं गावाचं नाव समुद्रापार नेलं. भटजीबुवा म्हनले, ज्याचं त्याचं प्रारब्ध. अन् मंग एकजन बोलला, नाव मी घेत नाही, तो म्हनला, बायको संग असती तं नामदेव आज जगला असता.

खरं हाय. शंभर टक्के खरं हाय! तिनं येळेवर काढा देला असता, पेज देली असती, कोनी डोक्शावर पान्याची पट्टी ठेवली असती. पन मंडळी, बायको संग काऊन नव्हती? हे नाही इचारलं कोनी. विहिरीवर काय बोलून राह्यले तुमी लोक, ते माझ्या कानावर आलं. म्हने, जानकीलेच जायाचं नव्हतं. म्हने, तिले समुद्राचं भेव वाटे. म्हने, पांढऱ्या पायाची हाय. ती तिथं समोर आपल्या घराच्या दारामांग बसली हाय. तिच्या कपायावरचं कुंकू पुसलं त्याले पुरता महिना झाला नाही, अन् तुमी तिच्याच माथी हे मारून राह्यले?

आयका मंग. आज सारं आयका.

नामदेवले जायाचं होतं तव्हा काई अडचन आली नाही. जिनाच्या मॅनेजरनं चिठ्ठी देली का मानूस कामाचा हाय. साहेबानं इचारलं, बॉयलर समजते का? हा म्हनला, हाव. झाला पासपोर्ट. सरकारले त्याचे हात पायजे होते. त्या हाताइच्या मांग एक मानूस असते, त्या मानसाले घर असते, बायको असते, हे सरकारले कायले पायजे?

तिकडे जम बसला तसा त्यानं मले कागद धाडला. गंगारामभाऊ, तुमच्या सूनबाईले धाडा, परवान्याचं तुमी पाहा. मी इथून जानकीले घेऊन घाट चढून जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. नवऱ्याचं बोलावनं मांगतलं, ते होतं. कारखान्याची चिठ्ठी मांगतली, का याले पगार हाय अन् राहाले खोली हाय, ते बी होतं. मंग हेडक्लार्क म्हनला, "लग्नाचा कागद आणा." मी म्हनलं, साहेब, आमच्यात लगनाचा कागद कोन करते? अक्षता टाकल्या, पंगत उठली, लगन झालं. तो म्हनला, "मग गावात चौकशी होईल. गावकऱ्यांनी लग्न पाहिलं असं सांगितलं की काम झालं."

मले हासू आलं. मी जानकीले म्हनलं, पोरी, हे तं काईच नाही. साऱ्या गावानं तुह्या लगनात बुंदी खाल्ली. यायच्याहून चांगले साक्षीदार कुठं भेटनार? ती घरी आली अन् तयारीले लागली. नामदेवनं लिहलं होतं का तिकडच्या मिरचीले तिखटपनाच नाही, तं हिनं तिखट कुटून ठेवलं. मास्तरापाशी बसून सही शिकली, साहेबानं इचारलं तं अंगठा दाखवाची लाज नोको. अशी बाई समुद्राले भ्याली म्हनता?

अन् मंग कचेरीतून उत्तर आलं. अर्ज नामंजूर. चौकशीत गावकऱ्यांनी असं लगन ठाऊक नसल्याचं सांगतलं.

मी तसाच जिनातून उठून इथं आलो. याच पारावर आलो. तुमी सारे बसले होते. मी इचारलं, चौकशीले पोलिसाचा जमादार आला होता काय? अन् तुमी काय म्हनले ते मी मरेपावतर इसरनार नाही. हासत म्हनले, "आलता नं! लय खोदून खोदून इचारे. नामदेवचं लगन कधी झालं, कोनं लावलं, पोरगी केवढी होती. आमी काय कच्चे हाओत काय? साफ सांगतलं, आमाले काई ठाऊक नाही, कसला नामदेव अन् कसलं लगन!" वरून एकजन म्हनला, "मिस्त्री, तुमच्या नामदेवले वाचवलं आमी. चहा पाजा."

तुमाले वाटलं होतं, लहान पोरीचं लगन लावलं म्हनून दंड कराले आला. नवीन कायदा आला होता तसा. अन् जानकी लहानच होती लगनात, तव्हा साऱ्याच पोरी लहान राहत. तो कायदा लगनाच्या मांगून आला, हे तुमाले ठाऊक नव्हतं. अन् कायले इचारून राह्यलो हे जमादारानं सांगतलं नाही. त्याच्या तोंडाले काय कुलूप होतं? बाई नवऱ्याकडे चालली हाय, येवढं म्हनला असता तं तुमी सारे त्याच्या अंगावर पडून साक्ष देली असती.

म्हनून त्या दिवशी मी तुमाले शिव्या देल्या नाहीत. आज बी त्याच्यासाठी देत नाही. पोलिसापासून आपलं मानूस झाकाचं, हे तुमी मायेनं केलं. डोकं खाजवलं असतं तं बरं झालं असतं, पन माया होती. मी मान्य करतो.

पन मंग मी सांगतलं. इथंच उभं राहून सांगतलं, का बाबाहो, उलटं झालं, ती चौकशी जानकीच्या परवान्याची होती. मी काई त्या लगनात नव्हतो, नामदेवची माही वळख मांगून झाली, तं आता कोनी पाचजन माह्या संग कचेरीत चला अन् खरं काय ते सांगा. तव्हा कुठं गेली होती ती माया?

पाटील, तुमी म्हनले, जमादारापुढं एक अन् साहेबापुढं दुसरं बोललो तं माही पाटीलकी जाईन. भटजीबुवा, तुमी म्हनले, लगन मीच लावलं, मले धरतीन. मी म्हनलं, बुवा, कायदा मांगून आला, तुमाले कोनी हात लावत नाही. तुमी म्हनले, मांगून आला हे कोन सिद्ध करन? आता बोला! ज्यानं मुहूर्त काढला तोच मानूस मले इचारे का लगन कधी झालं ते कोन सिद्ध करन! बाकीच्याइचं काय सांगू? कोनाची पऱ्हाटी निंदाची राह्यली, कोनाचा बैल लंगडे, कोनाच्या घरी पाहुने. जे जे मांडवात होते, त्या साऱ्याइले त्याच आठवड्यात काम निंघालं. मी पुन्हा आलो, अन् मंग पुन्हा आलो. मंग तं मी दिसलो का तुमी पारावरून उठून जाऊ लागले.

एक मानूस आलं. एकच. नामदेवची गोदाआत्या. या तिथं ओसरीच्या खांबापाशी बसल्या हायेत. मले म्हनल्या, "गंगाराम, मी येतो. माह्या भावाच्या लेकाची बायको हाय, सांगाले मले कायचं भेव?"

बंडीत बसून गेलो. घाटात आत्याले उलट्या झाल्या, पन त्या परत फिराचं नाव घेत नव्हत्या. साहेब मानूस वाईट नव्हता, त्यानं आत्याले बसाले खुर्ची देली. देवाची शपथ घ्याले लावली. मंग इचारलं, "बाई, हिचं लग्न तुम्ही आपल्या डोळ्यांनी पाहिलं का?"

अन् आत्यानं डोक्शावरचा पदर सावरला. मी मनात म्हनलं, हाव म्हना आत्या, हाव म्हना, येवढं एक अक्षर बोला. आत्या म्हनल्या, "नाही साहेब. मी रांडमुंड बाई. मले मांडवात कोन येऊ देते? मी मांगच्या अंगनात चुलीपाशी होतो. पुऱ्या लाटून राह्यलो होतो. वाजंत्री वाजली तव्हा समजलं का अक्षता पडल्या."

साहेबानं लेखनी खाली ठेवली. झालं. संपलं.

परत येता येता आत्या मले म्हनल्या, "देवाच्या नावानं इचारलं नं त्यानं. खोटं कसं बोलू बे?" त्यायनं लगनाचा सारा सयपाक केला. त्यायच्या हातच्या पुऱ्या साऱ्या गावानं खाल्ल्या. आता मले सांगा, मंडळी, ज्यायनं पाह्यलं ते बोलाले आले नाहीत, अन् जी आली तिले तुमी पाहूच देलं नव्हतं. विधवा बाई मांडवात आली तं अपशकून होते म्हनून. म्हना नं आता, भटजीबुवा! अपशकून कशानं झाला? गोदाआत्या समोर आल्या असत्या म्हनून, का तुमी त्यायले मांगं बसवलं म्हनून?

सोबत्याचं पत्र मास्तरानं तुमाले वाचून दाखवलं, पन अर्धंच वाचलं. बाकीचं मी सांगतो. नामदेवनं मोठी खोली घेतली होती. बॉयलरचा जुना पत्रा ठोकून भाकरीचा तवा बनवला होता, तिकडे तसा भेटत नाही म्हनून. कारखान्यात ज्याले त्याले सांगे, आमची घरवाली येनार हाय. मी त्याले नामंजूर झाल्याचं कळवलं, तरी तो सांगतच होता. करार मोडून त्याले येता येत नव्हतं, अन् हिले जाता येत नव्हतं. तो तिकडे एकटा त्या तव्यावर भाकरी थापे, अन् ही इथं सही गिरवत बसे.

अन् आज? आज तुमी ठराव केला. दुखवट्याचा ठराव. तिकडे कारखान्यात धाडाचा हाय, पेपरात छापाचा हाय. मी वाचला. लिहलं हाय, "त्यांच्या धर्मपत्नी जानकीबाई यांच्या दुःखात आम्ही समस्त गावकरी सहभागी आहोत." अन् खाली काय ते अंगठे! काय त्या सह्या! पाटलाची पयली. कागद पुरला नाही, मास्तरानं पाठपोट घेतला. आज ती त्याची धर्मपत्नी हाय, साऱ्याइले ठाऊक हाय, कोनाचा बैल लंगडत नाही. अरे, यातले पाच अंगठे त्या दिवशी मांगतले होते मी तुमाले! पाच! ती जिवंत नवऱ्याची बायको हाय येवढं सांगाले तुमचा हात उठला नाही, अन् तो मेल्यावर सारं गाव सांगून राह्यलं!

मास्तर, हात धरू नोका. संपवतो.

उद्यापासून या गावात जानकीचं काय होनार ते मले दिसून राह्यलं. कोनाच्या घरी लगन निंघालं का तिले बी मांगच्या अंगनात धाडसान. पुऱ्या लाट म्हनसान. अन् पारावर बसून सांगसान का तिलेच जायाचं नव्हतं. हे मी होऊ देनार नाही. तिले जायाचं होतं. तिनं तुमच्यापायी वाट पाह्यली. तुमी तिले जाऊ देलं नाही.

ठरल्याप्रमानं आता साऱ्याइनं उभं राहून गप राहाचं हाय. नाही मास्तर. गप राहून पाह्यलं या गावानं. माही येवढीच इनंती हाय. त्या मांडवात ज्यायनं ज्यायनं अक्षता टाकल्या, त्यायनं एकेकानं उभं राहावं. जानकीकडे तोंड करा अन् म्हना, मी होतो, मी पाह्यलं तुहं लगन. त्याचा आता काई उपेग नाही, मले ठाऊक हाय. ना परवाना भेटनार, ना नामदेव येनार. तरी म्हना. तिले आयकू द्या. मी थांबतो.

नाही नाही, गोदाआत्या, तुमी बसा. तुमी कायले उठता? तुमाले कोनी बोलावलं नव्हतं. ज्यायले बोलावलं होतं ते उठतीन.

नामदेव, गड्या, माहा राम राम घे.

उठा पाटील. पयले तुमी.