साबणवाल्याचा सत्कार

हसू नका लेकहो, त्या साबणवाल्या मॅनेजरचा विषय निघाला का माह्यं डोस्कं आजही तापते. शहाऐंशी-सत्याऐंशीचा उन्हाळा असंन. बालाघाट शहरातल्या आमच्या वार्डातल्या विहिरी आटल्या होत्या. त्याच्या कंपनीनं पाण्याचा टँकर आणला, अन् संगं पेपरवाले. त्यायले समोसे, आमाले पाणी, असा बेत.

आमची कौसल्याकाकू गुंडी घेऊन पुढं झाली. मॅनेजरनं आपल्या हातानं नळ सोडला, फोटो निघाला, अन् गुंडी अर्धीही भरली नाही तं नळ बंद!

"साहेब, भरू तं द्या," काकू म्हणे.

"हो गया माताजी, फोटो आ गया. कल पेपर में देखना."

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काहून हो, तुमच्या जाहिरातीले आमचीच तहान सापडली का?"

तो हसून म्हणे, "दादा, इश्तहार कोई नहीं पढ़ता, खबर सब पढ़ते हैं."

असं का? मी देवळातून हार-नारळ आणला, त्याच्या गळ्यात हार घातला अन् पेपरवाल्यायसमोर ओरडलो, "साहेबायनं पाऊस लागेपर्यंत रोज टँकर द्याचं कबूल केलं! वाजवा टाळ्या!"

बायायनं टाळ्या पिटल्या. पेपरवाल्यायनं फोटो काढला, लिहूनही घेतलं. मॅनेजर दात-ओठ खात माह्या कानात म्हणे, "मैंने कब बोला?"

"हो गया साहेब, फोटो आ गया. कल पेपर में देखना."

टँकर पाऊस लागेपर्यंत आला. पण काकूनं त्या साबणाची वडी मरेपर्यंत घरात येऊ देली नाही.