रिमोटखालचा लिफाफा

मंडळी, बसा. मागच्यांनीही बसून घ्या. घड्याळ इथेही आहे. आठच्या आत तुम्हाला सोडीन.

प्रश्न एकच आहे. भगवंताने एखाद्याच्या ओटीत रत्न टाकलं, आणि त्या रत्नाने तो घरातला उंदीर मारीत बसला, तर दोष कुणाचा? देणाऱ्याचा? रत्नाचा? उत्तराची घाई नको. आधी कथा ऐका.

बार्शीत विश्वंभर खळदकर म्हणून गृहस्थ. चष्म्याचं दुकान, अगदी पोस्टासमोर. साऱ्या गावाला लांबचं-जवळचं दाखवणारा माणूस — घरातलं मात्र दिसत नसे. पत्नी हेमांगी, शिकलेली, बालवाडी चालवणारी, मानी. दुकानाच्या उद्घाटनाची पत्रिका निघाली, तिच्यात हिच्या थोरल्या भावाचं नाव राहिलं. राहिलं की गाळलं, ते विश्वंभर जाणे. हेमांगी म्हणाली, "चूक कबूल करेपर्यंत मी तुमच्याशी बोलणार नाही." तो म्हणाला, "बरं होईल."

झालं. अबोला धरला. बायांनो, हसू नका. आपल्या घरी तो धरायची रीत तुम्हाला माहीत आहे. ताट वेळेवर वाढायचं, कपड्यांना इस्त्री करायची, सणाला जोडीने पूजेलाही बसायचं. शब्द तेवढा द्यायचा नाही. दोन दिवसांचा अबोला घराची शोभा. हा चार वर्षं चालला.

मग निरोप कोण नेणार? मुलगा. मिहिर. अबोला सुरू झाला तेव्हा सहा वर्षांचा. बुद्धी अशी, की एकदा ऐकलेलं विसरायचा नाही, आणि मोठ्यांची गणितं तोंडी करायचा. त्याला काम काय दिलं?

"मिहिर, त्यांना सांग, गॅस संपलाय."

"बाबा, गॅस संपलाय."

"आईला सांग, कळलं."

मधे अंतर किती? स्वयंपाकघराचा उंबरठा! ऐकू दोघांनाही यायचं. पण नियम असा, की उत्तर निरोपालाच द्यायचं. या देवळातले मारुतिराय निरोप घेऊन समुद्र ओलांडून गेले, ते एकदा. या लेकराने एक उंबरठा दिवसातून चाळीसदा ओलांडला.

आणि त्याची खरी हुशारी ऐका. बाप म्हणायचा, "आईला सांग, तिच्या भावाने कोणते दिवे लावलेत ते ठाऊक आहे." पोरगं आत जाऊन सांगायचं, "आई, बाबा विचारतात, मामा कसा आहे?" हेमांगीने मूळ वाक्य ऐकलेलंच असे. पण उत्तर निरोपाला! ती ओठ चावून म्हणायची, "सांग, बरा आहे." चार वर्षं त्या घरात भांडण पेटलं नाही, ते त्या पोराने प्रत्येक शब्दाचं टोक मोडून पुढे नेलं म्हणून.

आठ वाजता मात्र घर एकत्र बसायचं. टीव्हीवर 'तिरपागडं घर' लागे — एक अलौकिक बुद्धीचा मुलगा आणि त्याचे भांडकुदळ आईबाप. विनोदी मालिका. विश्वंभर खुर्चीत, हेमांगी दिवाणावर, आणि दोघे एकाच वेळी हसायचे. त्या अर्ध्या तासापुरता हेमांगीला आपला संसार शाबूत वाटायचा. ती म्हणायची, "बिचारं पोर. असल्या घरात त्याचं काय होणार?" हे ती मिहिरला सांगायची.

मिहिर दहा वर्षांचा झाला. हुशार मुलांच्या एका निवासी शाळेची परीक्षा त्याने दिली. चारशेंतून बारा जण निवडायचे होते. निकालाआधी मावशीकडे मुंज निघाली, म्हणून मावशी त्याला दहा दिवस घेऊन गेली. तो गेला, आणि दुसऱ्या दिवशी पत्र आलं. निवड झाली आहे. आईवडील दोघांच्या सह्यांचं संमतिपत्र आठ दिवसांत पोचलं पाहिजे. नाहीतर जागा पुढच्याला.

हेमांगीचे डोळे भरून आले. सांगायला घरात माणूस एकच, आणि त्याच्याशी ती बोलत नव्हती. तिने सही केली आणि कागद रिमोटखाली ठेवला. नवऱ्याचा हात तिथे हमखास जायचा. गेला. त्याने वाचलं, सही केली, लिफाफ्यात घालून तो बंद केला, पत्ता लिहिला आणि होता तिथेच ठेवला. त्याच्या मनात — हिने सुरू केलं, हीच पोस्टात टाकील. हिच्या मनात — पत्ता त्यांनी लिहिला, दुकान पोस्टासमोर, तेच टाकतील.

रोज आठ वाजता रिमोट उचलला जाई. साडेआठला त्याच लिफाफ्यावर परत ठेवला जाई.

पाचव्या दिवशी जाहिराती लागल्या तेव्हा शब्द हेमांगीच्या अगदी जिभेवर आला. 'कधी टाकणार?' दोनच शब्द, मंडळी. तिने खुर्चीकडे पाहिलं. मनात आलं, चार वर्षं राखलेला मान मी का आधी सोडू? जाहिराती संपल्या. दोघं हसली.

दहा दिवसांनी मिहिर परतला. आठ वाजले होते. दोघांसाठी टीव्ही लावावा म्हणून त्याने रिमोट उचलला आणि खालच्या लिफाफ्यावर बाबांच्या अक्षरातला शाळेचा पत्ता वाचला.

"हे इथेच आहे?"

हेमांगी उभी राहिली. चार वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तुम्ही टाकलं नाहीत?"

"मला वाटलं, तू टाकशील."

सकाळी शाळेला फोन केला. जागा तेराव्या मुलाला गेली होती.

आता तरी ती दोघं लेकराला जवळ घेतील, असं तुम्हाला वाटलं ना? हेमांगी स्वयंपाकघरात गेली आणि तिथून म्हणाली, "मिहिर, त्यांना सांग, हे सगळं तुमच्यामुळे झालं."

मिहिर उंबरठ्यावर आला. म्हणाला, "बाबा, आई म्हणते, हे सगळं तुमच्यामुळे झालं." शब्द तेच, आवाजही तिचाच.

"आईला सांग, तिच्या माजाने पोराचं वाटोळं केलं."

तो वळला. "आई, बाबा म्हणतात, तुझ्या माजाने पोराचं वाटोळं केलं."

हेमांगीने हातातलं भांडं खाली ठेवलं. आपल्याच पोटच्या पोराच्या तोंडून नवऱ्याचा आवाज तिने पहिल्यांदा ऐकला. ती वाट बघत राहिली, की आता हा हसेल, काहीतरी गोड जोडील. तो उंबरठ्यावर उभा होता. म्हणाला, "उत्तर काय सांगू?"

त्या दिवसापासून त्याने एकही निरोप बदलला नाही.

मंडळी, हेमांगीबद्दल हळहळू नका. ती तुमच्यातच बसली आहे. चार घरं सोडून नाही — तुमच्या शेजारीही नाही. आज निघताना 'बाबांना सांग, उशीर होईल' असं कुणाच्या तोंडी देऊन आलात, ते आठवा. रत्न देणाऱ्याने दिलं. उंदीर कोण मारीत बसलं, ते ज्याचं त्याने बघावं.

आठ वाजत आले. जा, मालिका चुकेल. रिमोट उचलाल तेव्हा खाली काय आहे, तेवढं वाचा.