कप्तानाचं पान

— नाही नाही, ती खुर्ची नको ओढूस, पाय मोडका आहे तिचा, इथे पलंगावरच बस — आणि पिशवी ठेव खाली, बघू सावकाश, कपडे काय पळून जातायत? हां, तर तू म्हणत होतास की भाऊजी, तुम्ही एवढे बोलायला कधीपासून लागलात? बरोबर आहे तुझं. अरे मेहुण्या, तुझ्या ताईशी लग्न झाल्यापासून तू मला बघतोयस, माझ्या तोंडून कधी सलग दोन वाक्यं ऐकलीस? लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसानं बोलायचं तरी कुणाशी — दिवसभर त्या अंधाऱ्या खड्ड्यात लोंबकळायचं, आणि आत कुणी अडकलं तर बाहेरून ओरडायचं, घाबरू नका, दाराला हात लावू नका, मी आलोय. संपलं. घरीही तसंच. जेवण कसं झालंय? बरं. तब्येत कशी आहे? बरी. आणि प्यायल्यावर तर तेवढंही नाही. 'बरं' या एका शब्दावर मी सगळा संसार ओढला रे.

या दारू सोडवायच्या केंद्रात काय असतं, सांगतो. सुरुवातीला नुसता घाम आणि थरथराट — ते जाऊ दे. मग आमच्या बाई आल्या. त्यांचं कामच ते, सगळ्यांना बोलतं करायचं. मला विचारलं, आत्ता काय वाटतंय? म्हटलं, बरं. तर म्हणाल्या, हे उत्तर नाही, ही तुम्ही आतून घातलेली कडी आहे. काय वाटतंय ते सांगता आलं नाही की माणूस बाटली उघडतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून वाचायला लावतात. चहा झाला की सगळ्यांनी गोल करून बसायचं, एकानं पान मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी तेच आपापल्या शब्दांत सांगायचं, आणि त्यातला एक नवा शब्द जेवताना बोलण्यात आलाच पाहिजे — नाही आला तर सगळ्यांची भांडी तुझ्या गळ्यात. हसू नकोस! तो समोर भिंतीकडे तोंड करून पडलाय ना, त्याला आम्ही पहिलवान म्हणतो — त्याला एकदा भाजी कमी पडली, तर उठून म्हणतो कसा, ही माझी घोर उपेक्षा आहे! वाढणारा घाबरून अख्खं पातेलंच घेऊन आला.

पण मला चटक लागली, खरं सांगतो — चटक म्हणजे, आवड म्हण, तो शब्द इथे चालत नाही. अरे, संध्याकाळ झाली की एका जागी बसवत नाही ना, त्याला घालमेल म्हणतात. कामावरून येऊन आपल्याच दारात पाय अडखळतो, तो संकोच. अडकलेल्यांना बाहेर काढावं आणि त्यांनी वळूनही बघू नये, तेव्हा वाटतं तीच ती उपेक्षा. हे सगळं माझ्या आत होतंच की! नावं माहीत नव्हती, म्हणून मी आपला सगळ्यांवर एकच औषध ओतत बसलो. परवा चिमणीशी फोनवर बोललो. म्हटलं, बाळा, तुझी अनुपस्थिती मला फार जाणवते. लेकीनं फोन बाजूला केला आणि विचारलं, आई, हे कोण बोलतंय? ऐकू आलं मला ते. मजा वाटली. तेव्हा मजाच वाटली.

भेटीच्या दिवसाचं ताईनं सांगितलं असेलच तुला — नाही म्हणू नकोस, तुझ्या तोंडावर दिसतंय. कशी सांगत होती? रडत? नाही? मग हसत? तेही नाही? नुसतंच सांगितलं होय. म्हणजे वाईट. अरे, झालं काय, आमच्या गोलात एक जाडजूड कादंबरी चालू होती, त्यात एक जहाजाचा कप्तान कित्येक वर्षांनी घरी येतो आणि बायकोला म्हणतो, माझ्या साऱ्या संध्याकाळी तुझ्या होत्या, त्या मी परक्यांना वाटून टाकल्या. बाईंनी वाचलं आणि एरवी टवाळी करणाऱ्यांनीच ते पुन्हा वाचायला लावलं. मी ते पान पाठ केलं. भेटीची खोली खाली आहे, लांबलचक, पाठीला पाठ लावून बाकं ठेवलेली. तुझी ताई येऊन बसली, मी घसा खाकरला — आणि मागच्या बाकावरून पहिलवान सुरू! माझ्या साऱ्या संध्याकाळी तुझ्या होत्या! त्याचा आवाज म्हणजे कुजबुजला तरी रस्त्यावर ऐकू जातो. आता शहाणा माणूस काय करील? गप्प बसेल. पण माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच रे, तेवढंच तयार केलेलं! तोंड उघडलं आणि तेच बाहेर पडलं, शब्द न् शब्द. आणि पलीकडे कोपऱ्यात एकाची म्हातारी आई आली होती, तो बाबा आईलासुद्धा तेच सांगत होता!

पहिलवानाची बायको वळली, तुझी ताई वळली, दोघी एकमेकींकडे बघतायत. पहिलवानाची बायको फसकन हसली. तुझी ताई नाही हसली. हळूच म्हणाली, पूर्वी तुम्ही खोटं बोलायचात तेव्हा मला लगेच कळायचं, दोनच शब्द असायचे तुमच्याकडे. आता मी कशावरून ओळखू? आणि उठली. त्यानंतर आलीच नाही.

पण ते खरं होतं! हेच कुणाला पटत नाही — शब्द कप्तानाचे असतील, संध्याकाळी तर माझ्याच होत्या ना? तिच्याच होत्या ना? लाज वाटते मला, तिची आठवण आली की छातीत कळ येते, आता हे कुठल्या शब्दात सांगितलं म्हणजे तिला खरं वाटेल? जो म्हणून शब्द काढावा तो कुणीतरी आधी वापरलेला. तुझ्यासाठीसुद्धा मी तयारी केली होती, सकाळी दाढी करताना, आरशासमोर. मघाशी ते 'बरं या एका शब्दावर संसार ओढला' — ते पाठ केलेलं होतं. छान जमलं ना? हं. असाच बघत होतास तू आत्ता, अगदी तशीच ती बघत होती. बहीणभाऊ शोभता.

उशीखाली काय बघतोस? काही नाही तिथे. हात नको लावूस म्हटलं ना! पुस्तकं आहेत. बाई एका वेळी एकच देतात, बाकीची मी — ठेवलीत. जवळ असली की झोप लागते, एवढंच. असा बघू नकोस माझ्याकडे, बाटली नाहीये ती.

बरं, चल, आवरू या. नियम तुला ठाऊक आहे — घरचं माणूस न्यायला आल्याशिवाय इथून सोडत नाहीत, मग तुम्ही किती का सुधारलेले असा. मी स्वतः चालून फाटकापर्यंत गेलो होतो एकदा. परत पाठवलं. आतल्या माणसानं धक्के मारून उपयोग नसतो, मीच सांगायचो की लोकांना. पण तू आलास, म्हणजे झालं. ताईनंच पाठवलं ना? तेच म्हटलं. आण ती पिशवी. निळा शर्ट दिला असेल, निळा आवडतो तिला माझ्या अंगावर — हे काय? स्वेटर? आणि खाली — दुसरा स्वेटर. कानटोपी. अरे, डोक्यावर पंखा गरगरतोय, पाठीला बनियन चिकटलंय, ऐन उन्हाळ्यात स्वेटर कशाला —

थांब. काही बोलू नकोस. कळलं मला.

थंडीपर्यंत ठेवणार मला इथे.

घड्या किती नीट घातल्यात बघ. तिला सांग — तिला म्हणावं की — नाही, ते नको, ते पुस्तकातलं आहे. असं सांग, मला — तेही त्यातलंच. पहिलवान, झोपलायस का रे? झोपलाय. किंवा सोंग करतोय.

काय म्हणालास? मला? मला काय होणार आहे.

बरं आहे. बरं वाटतंय मला. जा तू आता, दार ओढून घे जाताना.