गणिताचे सर चौथी पास झाले

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे शिक्षणाधिकारी साहेब, ही संगणकाची व्यवस्था बसवून देणारे आणि नंतर फोन न उचलणारे इंजिनिअर महाशय, माझे सहकारी, पालकवर्ग आणि पंख्याखालची जागा पटकावून बसलेल्या चौथीच्या मुलांनो,

आज आपण गणिताच्या सरांना निरोप द्यायला जमलो आहोत. हा त्यांचा तिसरा निरोप समारंभ. आधीच्या दोन्ही वेळेस हार झाले, फोटो झाले, आणि सोमवारी सर पुन्हा शाळेत हजर. निवृत्त होणाऱ्या माणसाला अडवतं कोण, असं पाहुण्यांना वाटेल. सांगते.

गेल्या वर्षी आपल्या शाळेत ब्लॉकचेन आली. म्हणजे काय, तर मुलांनी संगणकावर खेळत शिकायचं, आणि कोण काय शिकलं याची नोंद एकाच वेळी चाळीस शाळांच्या संगणकांवर व्हायची. झालेली नोंद कोणाच्या बापाला खोडता यायची नाही. मुख्याध्यापिकेच्या तोंडी हे शोभत नाही, पण इंजिनिअर महाशयांनी मला असंच सांगितलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी सर मुलांना म्हणाले, "घाबरताय काय? हे बघा, असा अंगठा लावायचा." आणि लावला. झालं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी सरांचा चौथीत प्रवेश झाला.

आता विद्यार्थी निवृत्त कसा होणार? चाळीस संगणकांनी एकमुखाने कळवलं, आधी चौथी पास व्हा.

सर तिसऱ्या बाकावर बसू लागले. पालकसभेला वहिनी यायच्या. त्या समोरच बसल्या आहेत. लेकीकडे पहिलं बाळ आलंय, वर्षभर यांच्या बॅगा भरलेल्या, आणि बाळाचे आजोबा चौथीत अडकलेले. "बाई, यांना एकदाचं पास करा हो," असं म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हसले होते. त्याची मला आज लाज वाटते.

अडलं कुठे? गणितात तर पैकीच्या पैकी. पण शेवटच्या खेळात बेडकाला नदीपार न्यायचं होतं, आणि त्याला एक अट होती. आपल्याला जे येत नाही ते शेजाऱ्याला विचारायचं, मग शेजाऱ्याने 'विचारलं' असा शिक्का द्यायचा. चौतीस वर्षांत सरांनी कोणाला काही विचारलं नव्हतं. परगावी गेल्यावर रस्तासुद्धा नाही, असं वहिनी सांगतात. बेडूक आठ महिने दगडावर बसून होता.

गेल्या मंगळवारी सर शेजारच्या मुलीकडे वळले आणि अगदी हळू म्हणाले, "मला हे जमत नाहीये. दाखवतेस का?"

ती म्हणाली, "एवढं साधं येत नाही? डोकं घरी ठेवून आलात?"

हे वाक्य कोणाचं, ते प्रत्येकाला ठाऊक होतं. मुलांना ते पाढ्यांच्या आधी पाठ होतं. सरांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला, आणि म्हणाले, "हो गं. दाखव." तिने दाखवलं. बेडूक पलीकडे गेला आणि शिक्का पडला.

आपली शाळा चौथीपर्यंतच. त्यामुळे सरांना निवृत्तीपत्राऐवजी शाळा सोडल्याचा दाखला मिळतो आहे. त्यातला 'वर्तणूक' हा रकाना मला भरायचा होता, चाळीस ठिकाणी, कायमचा. तिथे डोळे मिटून 'उत्तम' लिहायची पद्धत आहे. पण मी नवी होते तेव्हा या माणसाच्या धाकाने दोन वर्षं शिक्षकांच्या खोलीत पाय ठेवला नव्हता, जिन्यात बसून डबा खाल्ला होता. दोन दिवस विचार करून मी लिहिलं, 'सुधारली'. सर, तुम्ही ते वाचून 'बरोबर आहे' अशी मान हलवलीत. खरं सांगते, तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा आवडलात.

खुर्च्या मांडणाऱ्या शिपाईदादांचे, चहावाल्या मावशींचे आणि तिसऱ्यांदा आलेल्या आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. माझं भाषण सुदैवाने खोडता येतं.

वहिनी, आता पुढे या. इथे पालकाची सही करा, आणि विद्यार्थ्याला घरी घेऊन जा.