पुस्तक चांगलं हाये, पण...

...आता तुमीच सांगा, शतक सरायले अजून सदतीस वर्सं बाकी, अन् या पुण्याच्या लोकाईनं त्याचा इतिहास छापून बी टाकला, तो बी फोटोसगट! विसाव्या शतकाचा सचित्र इतिहास म्हणे. एवढा जाड का मांडीवर घेतला तं मांडीले मुंग्या येते. एजंट आमच्या बडनेऱ्याच्या वाचनालयात ठेवून गेला. "सभासदांचे अभिप्राय घ्या, पसंत पडलं तर ठेवा, नाही तर परत नेतो." अन् रेल्वे यार्डातली नोकरी सांभाळून वाचनालय पाह्यते कोण? मी, देवमन. म्हंजे अभिप्राय ऐकाचे बी मीच.

तुमाले सांगतो, वाचक काय चीज असते... शेंदूरजन्याचे उत्तमराव, संत्र्याचे व्यापारी, वॅगन मिळेपावेतो आमच्याकडं येऊन बसते. सारं पुस्तक चाळलं अन् म्हणे, "पुस्तक चांगलं हाये, पण संत्र्याचा एक फोटो नाही." म्हटलं, उत्तमराव, यात दोन महायुद्धं हायेत. "असू दे नं. त्या सोजिराईनं काही खाल्लं असंन का नाही?" पंजाबराव मास्तर चष्मा पुसत म्हणे, "पुस्तक चांगलं आहे, पण हिटलरला इतकी पानं अन् आख्ख्या वऱ्हाडाला एकही नाही?" काहून मास्तर, वऱ्हाडानं असं काय केलं? तं पुन्हा चष्मा पुसाले लागले. शकुनबाई नर्स म्हणे, "पुस्तक चांगलं हाये, पण बाईले फोटोत याचं असंन तं एक तं रानी व्हा, नाही तं रडा." मी पानं पुन्हा चाळून पाह्यली... खरं निंगालं.

अन् चाळता चाळता नागपूरचं पान आलं. छप्पन साल, दीक्षेचा दिवस. पांढऱ्या कपड्यातली माणसंच माणसं, तिळाएवढी, अन् मधात एक काळी छत्री. एक काडी मोडलेली, कोपरा कुत्र्याच्या कानासारखा लोंबलेला. माही छत्री. तिच्याखाली मी.

त्यात एवढं काय, म्हणसान. अहो, सात वर्सं झाली, मी सांगून राहिलो का मी त्या दिवशी तिथं होतो, अन् एक माणूस मानत नाही. काहून? तं मी एकदा सांगतलं होतं का मेळघाटात वाघ आडवा आला अन् मी त्याले बिडी देली. तवापासून कुठं बी गेलो म्हटलं का लोक विचारते, "वाघ बी होता का संगं?" अरे, वाघाचं सोडा नं. पण त्या मैदानात मी गेलो एक माणूस अन् परत आलो दुसरा... अन् नेमकी तेवढीच गोष्ट लोकाईनं वाघाच्या खात्यात टाकली.

म्हणून जाहीर करून टाकलं, रविवारी अभिप्रायाची बैठक, तिथं पुरावा दाखवतो. घरी पेटीत जपून ठेवलेली छत्री काढली, जुन्या लुगड्यात गुंडाळली, टेबलाखाली ठेवली. सारे जमले. मी पान उघडलं, खाकरलो...

अन् दारात पंचफुलावहिनी. यार्डातल्या मोतीरामची बायको. मोतीराम बी नागपूरले गेला होता, आमच्या आदल्या गाडीनं. पुढच्या साली तापानं गेला. घरात त्याचा एक फोटो नाही. वहिनीले वाचता येत नाही, पण नागपूरचा फोटो आला हे कोणीतरी सांगतलं होतं.

त्याईनं पदरानं बोट पुसलं. ते बोट त्या तिळाईवरून फिरत फिरत गेलं... अन् बरोबर छत्रीवर येऊन थांबलं.

"हेच हायेत. ऊन सोसे नाही त्याईले, निंगताना छत्री मीच देली होती." मंग माह्याकडं पाह्यलं. "भाऊ, तुमी तं तिथं होते. हेच हायेत नं?"

तुमी तं तिथं होते... सात वर्सांत पह्यल्यांदा कोणी मले असं विचारलं.

मी टेबलाखालची छत्री पायानं आणखी आत सरकवली.

"हो वहिनी. मोतीरामच. मी जवळून पाह्यलं त्याले."

सारे उठून पाहाले लागले. "हो, हो, मोतीरामच," मास्तर बी म्हणे, "उभं राहण्याची ढब तीच." वाघ कोणालेच आठवला नाही.

"पुस्तक चांगलं हाये," वहिनी म्हणे. बस. पण-बिण काही नाही. पुस्तक ठेवाचं ठरलं.

जाता जाता उत्तमराव म्हणे, "अन् देवमनभाऊ, तो तुमचा पुरावा?"

"वाघानं नेला."

सारे हासले. वहिनी बी हासल्या.

मंग काय... चैताचं ऊन, बगलेत छत्री, अन् मी घरापावेतो डोक्यावर पेपर धरून. उघडाची नव्हती का, म्हंता? काडी मोडलेली हाये नं तिची.