बिनडागाचे टार्ट

माझा जन्म दापोडीचा, दोन खोल्यांचं घर, आणि आई घरातूनच अंडी विकायची. तुम्ही म्हणाल हे काय मधेच, पण माझा स्वभाव कुठून आला ते कळायला नको का तुम्हाला? आई कुणाचं अंडं तसंच घ्यायची नाही. पाण्यात टाकून बघायची, मग कानाशी धरून हलवून बघायची, आणणारा समोर उभा असला तरी बघायची, त्याला काय वाटेल वगैरे काही नाही. मला म्हणायची, शोभा, वरून सगळी सारखीच दिसतात गं. तेव्हापासून मी माणसंसुद्धा तशीच बघते. आमचे हे मला बघायला आले तेव्हा म्हणलं, इतका शांत माणूस, नक्की काहीतरी लपवतोय. काही लपवत नव्हते, आहेतच तसे.

ह्यांना सिंगापुरात नोकरी लागली तेव्हा प्रज्ञा माझ्या कडेवर होती. पुढे पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी, मिळाला, यिशुनला फ्लॅट घेतला, प्रज्ञा शाळेत जायला लागली आणि मला घर खायला उठलं. मग चुआ आंटीच्या दुकानात लागले, एमआरटी स्टेशनजवळ, ते पोर्तुगीज टार्टचं. म्हणजे काय, आपल्या खारीसारख्या पापुद्र्यांची एवढीशी वाटी, आत अंडं, दूध, साखर, खरवसासारखं थरथरणारं, आणि वरून भट्टीत पडलेले काळे डाग. आंटीचे सासरे मकाऊला शिकून आले होते म्हणे. म्हणे म्हणते, कारण मी काही बघायला गेले नव्हते. विमानाला निघालेली माणसं चाकाच्या बॅगा घेऊन आमच्याकडे रांग लावतात, डबा मांडीवर धरून आपापल्या देशाला नेतात. आपले लोक पण येतात. पाटीवर एवढं मोठं एग लिहिलंय, तरी हळूच विचारतात, इसमें अंडा तो नहीं है ना? मी म्हणते, है, बहुत है. मग इकडेतिकडे बघतात आणि दोन डबे घेतात.

तर त्या डागांचं सांगत होते. डाग हवेतच, लोक डाग बघूनच घेतात. ट्रे बाहेर आला की निवडायचं काम माझं. डाग नीट पडलेले वर, डब्यात जायला. फिके राहिलेले खालच्या ट्रेमध्ये, ते विकायचे नाहीत, संध्याकाळी आम्ही कामवाल्या चहाबरोबर खायचो. इतकी वर्षं हेच केलं, झोपेतसुद्धा निवडीन.

आंटी बोलायला गोड, पण पीठ मळताना दार लावून घ्यायची. का विचारलं तर म्हणे एसी बाहेर जातो. असेल. माझ्या घरी कोण कोण आहे, मुलगी काय शिकते, हे मात्र सगळं विचारायची, आणि मी म्हणायची, हिला काय करायचंय? मग टार्टचा कंटाळा आलेली माझी पोरगी एकाएकी दुकानात यायला लागली, आणि आंटीचा मुलगा जुनवेई, एरवी तोंडातून शब्द न काढणारा, तिला टार्ट गरम करून द्यायला लागला. तेव्हा मला कळलं. म्हणलं, बघा, म्हणून चौकशा चालल्या होत्या, हिला दुकानाला फुकटची सून हवीय. प्रज्ञा इथल्या पोरांसारखं लाह लावून म्हणाली, आई, आय वर्क इन अ लॅब लाह, हू वॉन्ट्स मी टू सेल टार्ट? वन-नॉर्थला लॅबमध्ये आहे ती. हे म्हणाले, मुलगा चांगला आहे, जात विचारत नाही, हुंडा मागत नाही, तुला आणखी काय हवंय? मी म्हणलं, तेच तर, काहीच कसं मागत नाहीत?

त्यांच्यात, म्हणजे चिनी लोकांत, लग्नाआधी मुलाकडचे मुलीच्या घरी सामान घेऊन येतात, फळं, केक, दारूच्या बाटल्या, आणि आपण त्यातलं निम्मं परत द्यायचं. हे काय द्यायचं झालं, सांगा मला. प्रज्ञानं मला बसवून समजावलं, आई, हाफ ठेवायचं, हाफ द्यायचं, सगळं परत दिलं तर मीन्स नो, लग्न मोडलं. मला नीट कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

तर आंटी आणि जुनवेई आमच्या घरी आले, लाल टोपल्या घेऊन, आंटी लाल ड्रेसमध्ये. एका टोपलीत टार्टचा मोठा डबा. आंटीनं तो माझ्याच हातात दिला, दोन्ही हातांनी. मी झाकण उघडलं आणि काय सांगू तुम्हाला, डोक्यात तिडीक गेली. सगळे फिके. एकावर डाग नाही. माझ्या खालच्या ट्रेमधले! म्हणलं, वर्षानुवर्षं जे मी बाजूला काढते तेच ही माझ्या पोरीच्या शुभकार्याला घेऊन आली, कामवालीची मुलगी म्हणून चालतंय असं वाटलं असेल. मी झाकण लावलं, डबा टोपलीत ठेवला, मग फळं, मग बाटल्या, सगळ्या टोपल्या तिच्याकडे सरकवल्या आणि म्हणलं, टेक. ऑल टेक.

प्रज्ञा पांढरीफटक पडली, आई, डोन्ट, प्लीज, एवढंच म्हणाली. जुनवेई तिच्याकडे बघतोय, हे माझ्याकडे. आंटी टोपल्यांकडेच बघत राहिली, मग हळू म्हणाली, शोभा, वेडिंग, ब्लॅक नो गुड. आपल्या मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये तिनं सांगितलं, शुभाच्या दिवशी काळं नको म्हणून ती सकाळपासून भट्टीपुढे उभी होती, दार उघडून उघडून बघत होती, डाग पडायच्या आत एकेक काढत होती. ज्यांना डाग पडले ते आज दुकानात विकायला ठेवले. तिच्या मनगटावर ताजा चटका होता.

आता दुसरी कुणी असती तर लगेच गळ्यात पडली असती. मी नाही पडले. मी डबा परत उघडला, एक टार्ट घेतला, कानाशी धरला आणि दाबला. सगळ्यांसमोर. शिळ्याचे पापुद्रे गुपचूप दबतात, आवाज करत नाहीत. हा कुरकुर, कुरकुर वाजला. मोडला तर आत शिजलेला, कोमट, अगदी कडेपर्यंत. मला रडू आलं. पोरीचा संसार मी मांडायच्या आधीच उधळला होता की हो!

मी टोपल्या परत ओढल्या, म्हणलं, सॉरी आंटी, हाफ, हाफ. ती पण रडत होती. निम्मे टार्ट काढायला लागले तर खाली कोपऱ्यात एक निघाला, त्यावर तिळाएवढा काळा ठिपका. आंटीनं तोंडावर हात ठेवला आणि तो उचलायला धावली. मी तिचा हात धरला. आता ह्यांना विचाराल तर म्हणतील आपण बौद्ध, आपण दृष्ट वगैरे मानत नाही, आणि नाहीच मानत आम्ही. पण प्रज्ञा बाळ असताना तिच्या गालावर काजळाची तीट मी रोज लावायची, तेव्हा हे पेपर वाचत बसायचे. मी आंटीला माझ्या गालावर बोट टेकवून सांगितलं, बेबी, ब्लॅक डॉट, नो बॅड आय. तिला कळलं. तो टार्ट मी प्रज्ञाला भरवला.

लग्न झालं. त्या दिवशी पाहुण्यांना द्यायला आंटीनं डबे पाठवले, फिक्या टार्टचे. मी हॉलच्या मागच्या खोलीत बसून एकूण एक डबा उघडला. प्रत्येकात कोपऱ्यातल्या एका टार्टवर एकच काळा ठिपका होता, मुद्दाम पाडलेला. पदर तोंडाला लावून रडले मी, पण सगळे बघून झाल्यावर.

दुकानात अजून जाते, निवडायचं काम माझंच. आंटी अजून दार लावूनच पीठ मळते, तर ते आहेच. प्रज्ञाला फोनवर विचारते, बरं चाललंय ना गं, ती म्हणते, ओके लाह आई, व्हाय यू ऑल्वेज आस्क. सुखात आहे पोरगी. सुखातच राहू दे तिला. तरी दर रविवारी मी जाऊन बघून येते.